पळाकाकांचे हातमोजे

बसमधून उतरले तेव्हा माझं डोकं भणभणत होतं आणि समोर एक माणूस हवेत उडी मारून उभा होता. खरा नव्हे, जाहिरातीच्या फलकावरचा. पुरुषभर उंच, तोंड आ वासलेलं, हातपाय चारी दिशांना, आणि खाली लिहिलेलं, 'आजच जगून घ्या'. मी मनात म्हटलं, बाबा रे, आधी जरा बसून घेऊ दे. घाटाने माझ्या पोटातलं सगळं ढवळून काढलं होतं. माझ्या पुढच्या सीटवरचे दोघे मात्र खाली पाय टेकताच ताजेतवाने झाले. त्यांना दोरीला लटकायचं होतं, नदीत गटांगळ्या खायच्या होत्या आणि डोंगरावरून हवेत उडायचं होतं, तेही एकाच दिवसात. मला फक्त एका माणसाला संध्याकाळच्या परतीच्या बसमध्ये बसवायचं होतं. त्यांच्या तिन्ही कामांपेक्षा माझं एक काम अवघड होतं, हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक.

तो माणूस म्हणजे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. या गावात त्यांचं खरं नाव विचारलंत तर कोणी सांगणार नाही. पळाकाका म्हणा, मग जीपवाला, पोस्टमन, हॉटेलातला भांडी घासणारा, कोणीही हात धरून नेऊन सोडेल.

त्यांचं काम सांगते, कारण सांगितल्याशिवाय कोणाला खरं वाटत नाही. डोंगरावरून ती मोठी कापडी छत्री लावून उडतात ना, पॅराग्लायडिंग, ते उडणं नंतरचं. आधी पळावं लागतं. मागे पायलट आणि पुढे हौसेने आलेला पाहुणा, दोघे एकमेकांना पट्ट्यांनी जखडलेले, आणि दोघांनी मिळून उताराकडे धावायचं. पाहुणा काय करतो, चार पावलं धावतो, समोर दरी बघतो आणि मटकन खाली बसतो. माणसाची जातच ती, त्याचा दोष नाही. म्हणून त्याचा पट्टा धरून, त्याच्याबरोबर धावत, "पळा, पळा, थांबू नका" असं ओरडत त्याला कडेपर्यंत नेणारा एक माणूस लागतो. कडेच्या अलीकडे पांढरा रंग दिलेल्या दगडांची ओळ आहे. त्या ओळीशी पट्टा सोडायचा. पाहुणा हवेत, हा जमिनीवर. दाजींनी अर्धं आयुष्य हेच केलं. दुसऱ्याला कडेपर्यंत पळवत न्यायचं आणि आपण थांबायचं. स्वतः एकदाही उडाले नाहीत. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "सगळेच उडाले तर जमीन कोण सांभाळणार?"

त्या पळण्याने उजवा गुडघा खाल्ला. आतली गादी झिजून हाडावर हाड आलंय. मी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसते. दिवसभर काचेआडून लोकांचं ऐकून आणि लोकांना ऐकवून माझा स्वभाव जो काय झालाय तो झालाय, पण एक गोष्ट हातात आहे, ओळखी. चार जणांची मनधरणी करून मी दाजींना ऑपरेशनची तारीख मिळवली. एकदा नाही, तीनदा. पहिल्या दोन वेळा हे आलेच नाहीत. "सीझन संपू दे," म्हणे. या गावात सीझन संपतो कधी? उन्हाळ्यात नदी, हिवाळ्यात डोंगर, मध्ये उरले ते दोरीवरचे. आता तिसरी तारीख उद्याची होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की ऑपरेशननंतर चालता येईल, जिने चढता येतील, रात्री झोप लागेल. पण पळायचं नाही, कधीच. यातलं पहिलं सगळं दाजींनी ऐकलं नाही, शेवटचं तेवढं ऐकलं.

ताईचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्या आणि पुढे फरशीचं अंगण. अंगणात दोऱ्यांवर उडायचे सूट वाळत होते, निळे, नारिंगी, ओळीने, बिनडोक्याचे. ते धुवायचं काम ताईचं. मी आत शिरले तेव्हा ती एक सूट पिळत होती आणि पिळताना तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"आलीस? बस," ती म्हणाली. "त्या खुर्चीवर नको, ओली आहे."

"दाजी कुठेत?"

"कुठे असणार? वर. पहाटेच गेले. म्हणे दुपारपर्यंत येतो."

"आज? उद्या ऑपरेशन, आणि आज पळायला गेले?"

"तू मला नको ओरडूस. त्यांना ओरड. तेवढ्यासाठीच बोलावलंय तुला." तिने सूट झटकला, दोरीवर टाकला आणि नाक मुरडलं. "घाबरल्यावर माणसाचं काय काय होतं ते मला विचार. वर गेल्यावर सगळे वाघ, आणि धुवायला आमच्याकडे."

दारामागे दाजींची पिशवी भरून ठेवलेली होती. लुंगी, टॉवेल, औषधांचा डबा, वर घडी घालून चादर. ताईने मला चहा दिला आणि स्वतः उंबऱ्यावर बसली. तिची बोटं पाण्याने पांढरी पडून सुरकुतली होती.

"गुडघ्याचं मला काही वाटत नाही गं," ती म्हणाली. "लंगडतील, काठी घेतील, मी बघेन. पण ते टिल्लीला सोडतात. त्या पायाने. मला झोप लागत नाही."

टिल्ली म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी मूठभर होती म्हणून टिल्ली. आता बापापेक्षा वीतभर उंच आहे आणि त्याच डोंगरावर पायलट आहे. पाहुण्याला पुढे बांधून ती उडते आणि तिला कडेपर्यंत पळवतात ते दाजी. तिच्या पट्ट्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नाही. ते डोंगर सोडत नव्हते ते याच्यासाठी, हे तिघांनाही माहीत होतं आणि घरात कोणी तोंडाने बोलत नव्हतं.

"टिल्ली काय म्हणते?" मी विचारलं.

"ती काय म्हणणार? बापाला तोंडावर कसं सांगेल की तुझ्या हाताची मला भीती वाटते?" ताई उठली आणि पुढचा सूट बादलीत बुडवला. "तू वर जा. घेऊनच ये. माझ्या बोलण्याला ते सरावलेत. तुझं तोंड अजून चालतं."

जीपमध्ये माझ्याबरोबर पाच-सहा पाहुणे होते, सगळे एकमेकांचे फोटो काढत होते. जीपवाला जांभया देत गाडी हाकत होता. एका मुलीने विचारलं, "काका, वर कधी कोणी पडलंय का हो?"

"आज सकाळपासून तरी नाही," तो म्हणाला. सगळे खो-खो हसले. तो हसला नाही. प्रत्येक खेपेला हेच विचारलं जात असणार आणि प्रत्येक खेपेला तो हेच सांगत असणार. मला त्या माणसाची दया आली. लोक शीण घालवायला या गावात येतात आणि तो शीण इथल्या माणसांच्या अंगावर टाकून जातात, असं मला तेव्हा वाटलं. रस्त्यात भेटलेला एकही स्थानिक चेहरा झोप झालेला दिसला नव्हता.

वर मोकळं पठार, गवत तुडवून तुडवून गेलेलं. एका बाजूला चहाची टपरी, मधे एक लोखंडी खांब आणि त्याच्या टोकाला वाऱ्याची दिशा दाखवणारी लांबडी कापडी पिशवी फुगलेली. उताराकडे ते पांढरे दगड. दाजी मला पाठमोरे दिसले. जुने चामड्याचे हातमोजे, कानटोपी, आणि उजवा पाय किंचित बाहेर टाकून उभं राहायची नवी सवय.

"काय मेहुणीबाई, उडायला आलात?" मला बघताच ते म्हणाले.

"तुम्हाला उडवायला आलेय. चला खाली."

"येतो म्हटलं ना."

"मागच्या वेळीही म्हटलं होतंत. त्याच्या मागच्या वेळीही."

"या वेळी पिशवी भरलीये ना तुझ्या ताईने? मग झालं," असं म्हणून ते पुढच्या पाहुणीकडे वळले. ती एक मध्यमवयीन बाई होती, पट्ट्यांत जखडलेली, ओठ पांढरेफटक पडलेले. मागे पायलट तयार, छत्री गवतावर पसरलेली. घाबरू नका, असं दाजी कधीच म्हणत नाहीत. त्यांचं म्हणणं, घाबरू नका म्हटलं की माणूस आणखी घाबरतो. त्यांची रीत वेगळी. त्यांनी तिचा पट्टा धरला आणि अगदी सहज विचारलं, "ताई, निघताना घरी गॅस बंद केलात ना?"

बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "केला वाटतं... थांबा, दूध तापवलं, मग..."

"पळा," दाजी म्हणाले, आणि बाई दुधाचा विचार करत पळाल्यासुद्धा. पांढऱ्या दगडांशी दाजींचा हात सुटला आणि छत्री दरीवर गेली. खालून बाईंचा आवाज आला की केला होता, बंद केला होता. पठारावरच्या सगळ्यांना हसू आलं. मलाही आलं. पण परत येताना दाजी तीन ठिकाणी थांबले, वाऱ्याकडे बघायचं निमित्त करून, ते मी बघितलं.

मी चहाच्या टपरीवर बसले. चहावाली माझ्याच वयाची, बोलकी. खांबाला डोक्याच्या उंचीवर एक खिळा ठोकलेला होता, तो कशासाठी म्हणून मी विचारलं.

"मोज्यांसाठी," ती म्हणाली. "पळवणाऱ्याच्या हातून चूक झाली ना, पट्टा उशिरा सोडला, वाकडा ओढला, काहीही, की त्याने आपणहून हातमोजे काढून तिथे टांगायचे. मग त्या दिवशी कोणाच्या पट्ट्याला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी ज्याच्या उड्डाणाला चूक झाली तो पायलट मोजे काढतो आणि त्याला परत देतो. दिले की विषय संपला, कोणी काढायचा नाही."

"आणि नाही दिले तर?"

"असं अजून झालं नाही. पण नाही दिले तर नाही दिले." तिने कप विसळला. "तुमच्या दाजींनीच पाडलेली पद्धत आहे ही. ते म्हणतात, चुकलेला हात पुढच्या वेळी जास्त घट्ट धरतो. गेल्या महिन्यात मास्तरांचे होते तिथे. गपचूप टांगले आणि दिवसभर माझ्याकडे कप विसळत बसले."

मास्तर म्हणजे तिथला दुसरा पळवणारा. आधी शाळेत कवायत शिकवायचा, शाळा बंद पडली, डोंगरावर आला. माझ्या बाजूच्या बाकावर बसून तो बूट बांधत होता आणि ऐकून न ऐकल्यासारखं करत होता.

तेवढ्यात टिल्ली वर आली. जीपमधून उतरली, पाठीवर छत्रीचं गाठोडं. मला बघून हात हलवला, पण धावत आली नाही. वर कामावर असताना ती बापालाही बाबा म्हणत नाही, सगळ्यांसारखं काका म्हणते. बापलेकीचं नातं खाली ठेवून यायचं, हाही दाजींचाच नियम. तिच्यापुढे बांधलेला पाहुणा चांगला दांडगा होता, हातात काठीला लावलेला फोन, आणि तोंडाची टकळी चालू.

"हे झालं की निघायचं," मी दाजींना बजावलं. "ताई जेवायची थांबलीये."

"हिला सोडतो आणि आलोच."

"मास्तर सोडतील की."

"मास्तर उशिरा सोडतो," दाजी हळू आवाजात म्हणाले. "एका श्वासाचा फरक असतो, तुला नाही कळायचं. माझी मुलगी आहे ती."

मी गप्प बसले. इथेच मी गप्प बसायला नको होतं, पण मनात म्हटलं, शेवटचं आहे, जाऊ दे.

छत्री उभी राहिली. दाजींनी पट्टा धरला, फोनवाल्याला काहीतरी विचारलं, तो हसला आणि सगळे पळायला लागले. "पळा, पळा, थांबू नका." दगडांच्या अलीकडे दाजींचा उजवा पाय अडकला. कशात अडकला नाही, नुसताच आखडला. पडू नये म्हणून त्यांनी हाताने जे होतं ते धरलं, आणि हातात होता पट्टा. सोडायच्या जागी त्यांनी त्याच्यावर आपला भार टाकला. दगडांची ओळ मागे गेली तरी हात सुटला नाही. छत्री एका अंगाला कलली, टिल्ली जिवाच्या आकांताने ओरडली, "सोड!", आणि दोघांचे पाय उतारावरचे खडे खरवडत गेले. मग हात सुटला. दाजी तोंडावर पडले. छत्री आणखी थोडी कलंडली, खाली गेली, दिसेनाशी झाली.

चहावालीने माझा हात धरला होता. मग बऱ्याच खाली, झाडांच्या वर, छत्री परत दिसली, सरळ झालेली. टिल्लीने सावरलं होतं. फोनवाला आनंदाने किंचाळत होता. त्याला वाटलं, हाही खेळातलाच भाग.

दाजी उठले. कोपर सोलवटलं होतं. त्यांनी अंगावरची माती झटकली, टोपी नीट केली आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, "वारा फिरला एकदम."

मी खांबाकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. वाऱ्याची पिशवी सकाळपासून जिकडे तोंड करून होती तिकडेच होती. मास्तर बूट बांधत होता तो बांधतच राहिला. आता दाजी मोजे काढतील, खांबाकडे जातील, असं मला वाटत होतं. ते खांबाजवळून गेले. आणि पुढच्या पाहुण्याचा पट्टा त्यांनी हातात घेतला.

मी उठायला लागले तशी चहावालीने मला खाली बसवलं. "तुम्ही नका बोलू. ज्याचं उड्डाण, त्यानेच बोलायचं असतं."

"अहो, पण तो माणूस परत पळतोय."

"दिसतंय मला."

त्यांनी पुढचा सोडला, त्याच्या पुढचाही सोडला. नीट सोडले, पण फार लवकर, दगडांच्या कितीतरी आधी, विस्तवाला हात लागल्यासारखे. पायलट लोक एकमेकांकडे बघत होते. कोणी थट्टा करत नव्हतं. ज्याने सगळ्यांना रीत लावली, त्यालाच रीत मोडताना बघायचं. नको वाटलं. मला खरंच तिथून निघून जावंसं वाटलं.

जीप वर आली. टिल्ली उतरली. गाठोडं सोडलं, छत्री पसरली, नवा पाहुणा आणून उभा केला. मी जीव मुठीत धरून बघत होते. दाजी आपल्या जागेवर गेले आणि हात पुढे केला. टिल्लीने पट्ट्याची कडी लावली नाही. ती नुसती उभी राहिली.

"लाव," दाजी म्हणाले. "वारा चांगला आहे."

"मघाशीही चांगला होता," टिल्ली म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण पठारावर दुसरा आवाजच नव्हता. "काका, हातमोजे."

"लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत."

"तुला कोण सोडणार?"

"मास्तर."

"मास्तर उशिरा सोडतो."

"आज तुम्ही उशिरा सोडलंत," ती म्हणाली. ती बाबा म्हणाली नाही. तिने डोळेही खाली घातले नाहीत. लहानपणी माझ्या मांडीवर बसून जी पोर पावडरचा डबा सांडला तरी मांजराने सांडला म्हणायची, ती हीच का, असं मला वाटून गेलं.

दाजी तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डाव्या हाताचा मोजा काढला, मग उजव्या हाताचा, तो ओढायला त्यांना दात लावावे लागले. लंगडत खांबापाशी गेले. खिळा नीट दिसत नव्हता की काय, पहिल्यांदा मोजे खाली पडले. कोणी उचलायला पुढे झालं नाही, ती रीत नव्हती. त्यांनी वाकून, गुडघ्यावर हात देऊन, ते उचलले आणि टांगले.

मग माझ्या बाकावर येऊन बसले, दरीकडे पाठ करून. मास्तर उठला, पुढे गेला. छत्री उभी राहिल्याचा सळसळाट झाला, पावलं वाजायला लागली. दाजी मान खाली घालून नुसती पावलं ऐकत होते. पावलं थांबली.

"जरा लवकरच सोडलं," ते पुटपुटले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण सोडलं."

चहावालीने त्यांच्यापुढे चहा ठेवला. त्यांनी तो घेतला नाही. त्यांचे हात मी पहिल्यांदाच नीट बघत होते. मनगटापर्यंत रापून काळे, आणि पुढे पंजे पांढरे, मऊ, एखाद्या कारकुनाचे असावेत तसे.

खाली आल्यावर ताईने काही विचारलं नाही. तिने त्यांचं कोपर बघितलं, उघडे हात बघितले आणि जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर ते दारामागची पिशवी स्वतः उचलायला गेले, तेव्हा ताईने तोंड फिरवलं आणि उगाच दोरीवरचे सूट सारखे करत बसली. ते सगळे सूट वाळलेले होते. निघताना ती त्यांना एवढंच म्हणाली, "पाणी जपून प्या, उद्या उपाशी राहायचंय." मी मनातल्या मनात माझं काम फत्ते झालं असं म्हणून बघितलं, पण मला अजिबात बरं वाटेना.

बस सुटायच्या बेतात होती तेव्हा टिल्ली धावत आली, उडायच्या सुटातच, हेल्मेटने केस चप्प बसलेले. तिने खिडकीतून बिस्किटांचा पुडा आत दिला.

"बाबा," ती म्हणाली.

"मास्तरांनी कसं सोडलं?"

"नीट."

"खोटं बोलू नको."

"थोडं लवकर. शेवटची चार पावलं मीच ओढली."

"त्यांना सांग, दगड बघू नका म्हणावं, पाहुण्याचे खांदे बघा. खांदे हलके झाले की सोडायचं."

"सांगते." तिने खिडकीची पट्टी धरून ठेवली होती. "उद्या मोजे काढायचेत मला."

"मी नसणार इथे."

"माहितीये."

"मग कोणाला देशील?"

ऑपरेशननंतर पळायचं नाही, हे तिला माहीत होतं, त्यांना माहीत होतं, आणि मी तर सांगणारीच. ड्रायव्हरने हॉर्न दिला. "आईला देते," ती म्हणाली. "अंगठ्याजवळ फाटलेत. शिवून ठेवेल ती."

"हां," दाजी म्हणाले. "शिवलेले बरे."

बस निघाली. ती रस्त्याच्या मधोमध उभी होती आणि मागच्या जीपवाल्याने हॉर्न वाजवला तरी बाजूला झाली नाही. तो हवेत उडी मारलेला फलकावरचा माणूस मागे गेला, दुकानं गेली, दोरीवरच्या किंकाळ्या गेल्या. घाटाच्या पहिल्या वळणावर बस झुकली तसा दाजींनी माझा दंड धरला, घट्ट. ते खिडकीबाहेर बघत होते.

"बरोबर केलं तिने," ते म्हणाले. "बाप म्हणून मला माफ केलं असतं ना, तर मी तिला परत कधी उडू दिलं नसतं."

"मग रडताय कशाला?"

"गुडघा दुखतोय."

इतकी वर्षं दुखत होता तेव्हा कधी डोळ्यांत पाणी आलं नाही, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी ते गिळलं. दिवसभरात पहिल्यांदा मला त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं नाही. पुढचं वळण त्याहून मोठं होतं, आणि उद्या सकाळी त्यांना त्या टेबलावर झोपायचं होतं.

"दाजी," मी विचारलं, "निघताना घरी गॅस बंद केलात ना?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुझी ताई आहे घरी," ते म्हणाले. "ती बघेल."

घाट उतरून बस सपाटीला लागली, तरी त्यांनी माझा दंड सोडला नाही.